रेटिंग अडकलंय? ऑनलाइन बुद्धिबळात या चुका टाळा

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या सोसायटीत घरोघरी बुद्धिबळाचं अ‍ॅप आलं. फार बरं वाटलं. पण थोड्याच दिवसांत सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: "काका, रेटिंग हलतच नाही." रेटिंग म्हणजे जिंकलं की वाढणारे, हरलं की घटणारे गुण. डाव बघावेत तर चुकाही त्याच त्या.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे समोरच्याची चाल न बघता पाठ केलेली ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, खेळणं. हल्ली प्रत्येक नवशिक्या व्हिडिओ बघून लंडन सिस्टिम नावाची ओपनिंग शिकतो. ओपनिंग चांगली आहे, खेळणारा घाईत असतो. बी विंगमधला एक मुलगा ठाण्याहून लोकलने बेलापूरला कामाला जातो आणि गाडीत उभ्या उभ्या तीन मिनिटांचे डाव खेळतो. पांढरी मोहरी आली की प्यादं डी४, उंट एफ४, प्यादं ई३, घोडा एफ३, उंट डी३ (अक्षर पटाच्या उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). काळ्याने काहीही केलं तरी हेच. मग काळा घोडा एफ६ वर येतो, उंट जी७ वर, प्यादं डी६, दुसरा घोडा डी७ आणि मग प्यादं ई५. एफ४ वरच्या उंटावर हल्ला, म्हणून हा तो जी३ वर घेतो. पुढच्याच चालीला ते प्यादं ई४ वर येतं आणि डी३ चा उंट, एफ३ चा घोडा एकदम कात्रीत! एक मोहरा गेलाच. त्याने दाखवलेल्या डावांत हा सापळा पुन्हा पुन्हा होता आणि दर वेळी तो म्हणायचा, "नेटवर्क गेलं होतं, काका."

शेवटी त्याला घरी बोलावून लाकडी पटावर तीच स्थिती मांडली. काळ्याचा उंट जी७ वर दिसला की आपला उंट डी३ ला नको, ई२ ला ठेव. एच३ खेळून दुसऱ्या उंटाला मागे एच२ ची जागा कर. एवढंच. पण हे पंधरा मिनिटांच्या डावात सुचतं, तीन मिनिटांच्या नाही. शिकायचं असेल तर रोज एकच सावकाश डाव खेळा, आणि मोहऱ्याला हात लावण्याआधी "याने ही चाल का केली?" असं स्वतःला विचारा.

दुसरी चूक, हरल्या हरल्या इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्राम, लावणं. कोण वरचढ ते दाखवणारी बाजूची पट्टी खाली गेली, लाल खूण दिसली, की "ब्लंडर झाला" म्हणून पुढचा डाव सुरू. यातून काहीही डोक्यात शिरत नाही. माझ्याकडे एक वही असते. डाव कुठे हातातून गेला असं वाटतं, ते आधी तिच्यात लिहायचं आणि मगच इंजिन उघडायचं. बऱ्याचदा खरी चूक त्याच्या तीन-चार चाली आधीच झालेली असते. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, पण मला दुसरा जवळचा रस्ता माहीत नाही.

हरल्यावर रागाने लगेच "पुन्हा खेळू" दाबू नका. फोन ठेवा, पाणी प्या.

चार चालींत मात करायला वजीर एच५ वर पळवू नका. थोडं समजणारा खेळाडू त्या वजिराला हुसकावत आपले घोडे बाहेर काढतो.

जिंकलेला डाव स्टेलमेटने घालवू नका. एकटा राजा एच८ वर असताना वजीर जी६ वर ठेवलात, तर त्याला शहही नाही आणि चालही नाही, डाव बरोबरीत. तिथे आधी आपला राजा जवळ आणा.

आणि लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर १५०० रेटिंग दिसलं म्हणून हुरळू नका. तिथे नवा खेळाडू सुरुवातच १५०० पासून करतो.