क्लाउनफिशवरचे पांढरे ठिपके

नेरुळच्या घरी आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाउनफिशची जोडी आहे. जुलैत मादी खाणं सोडून दगडावर अंग घासायला लागली. टॉर्च आडवा धरून पाहिलं, तर परांवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके. दोन-तीन दिवसांत ते गेले आणि मी निर्धास्त झालो. तिथंच चुकलं. हा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. मासा सोडून तो तळाशी कोश करतो, आणि कोश फुटला की शेकडो पिल्लं पुन्हा मासा शोधत निघतात. पुढच्या खेपेला दोघंही ठिपक्यांनी भरले.

तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालता येत नाही, कोळंबी आणि प्रवाळ मरतात. म्हणून मासे वेगळ्या टाकीत हलवले. वाळू नाही, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. कमी खारं पाणी या परजीवीला सोसत नाही, म्हणून दोन दिवसांत पाण्याची घनता १.०२५ वरून १.००९ वर आणली, रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या यंत्राने) मोजत. अमोनिया चढू नये म्हणून रोज थोडं पाणी बदलायचं, हे सगळ्यात कंटाळवाणं, पण मासे त्यानेच वाचले. शेवटचा ठिपका गेल्यावरही ३० दिवस तसंच ठेवलं. मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना, म्हणजे तिथल्या परजीवीला मासाच मिळू नये.

बाराव्या दिवशी मादी पाइपातून बाहेर आली आणि चिमटीतला आर्टेमिया (माशांना घालायचा बारीक कोळंबीसारखा जीव) तिने ओढून घेतला.