आर्क उलट्या दिशेला पळाला तर लगेच कॉइलच्या वायरी बदलू नका

व्हीसीबी (निर्वातात करंट तोडणारा सर्किट ब्रेकर) कसा चालतो, कॉन्टॅक्ट सुटताना आर्क, म्हणजे दोघांमधली विजेची ज्योत, का पेटते, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. मला सांगायचंय ते एकाच गोष्टीबद्दल, जिच्यापायी माझे एम.टेक.चे तीन महिने गेले.

काचेची खिडकी असलेली व्हॅक्यूम चेंबर, आत तांब्याचे दोन कॉन्टॅक्ट, बाहेर कॉइल, समोर हायस्पीड कॅमेरा. करंट काहीशे अँपिअर, चुंबकीय क्षेत्र आर्कला आडवं. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम (चुंबकीय क्षेत्रात करंटवर कुठल्या दिशेने बल लागतं ते सांगणारा) लावून मी वहीत बाण काढला: आर्क उजवीकडे जाणार. फिल्ममध्ये कॅथोडवरचे (ऋण कॉन्टॅक्टवरचे) लख्ख ठिपके डावीकडे पळताना दिसले. सीनियर म्हणाले, "वायरी उलट्या लागल्या असतील." मी त्या बदलल्या, बाण जुळला आणि तशीच सगळी रीडिंग घेतली. पुढे हॉल प्रोबने (चुंबकीय क्षेत्र मोजायच्या सेन्सरने) क्षेत्र मोजलं तेव्हा कळलं की वायरी आधीच बरोबर होत्या. ती सगळी रीडिंग पुन्हा घ्यावी लागली.

इथे जरा थांबा. व्हॅक्यूममध्ये आर्कला वायू मिळत नाही, करंट वाहतो तो कॅथोडच्याच धातूच्या वाफेतून. ही वाफ निघते बारीक ठिपक्यांतून. तांब्यावरचा एक ठिपका साधारण 50 ते 100 अँपिअर वाहतो, करंट वाढला की ठिपक्यांची संख्या वाढते. आडव्या क्षेत्रात हे ठिपके नियमाच्या उलट जातात, आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ श्टार्क यांनी हे 1903 मध्येच नोंदवलं होतं. मुळात ठिपका तारेसारखा ढकललाच जात नाही. तो विझतो आणि शेजारी नवा पेटतो, बहुधा जिथे एकूण क्षेत्र जास्त असतं त्या बाजूला. म्हणूनच समांतर करंट एकमेकांना ओढतात हे शिकलेलं असूनही इथे ठिपके एकमेकांपासून लांब पांगताना दिसतात. नेमकं का, यावर अजून एकमत नाही, त्यामुळे तुम्हाला पहिल्या झटक्यात पटलं नाही तर त्यात तुमचं काही कमी नाही.

करंट 10 किलोअँपिअरच्या आसपास किंवा वर गेला की चित्र पालटतं. आर्क आकसून एक जाड खांब होतो, आणि हा खांब डाव्या हाताचा नियम पाळतो. सर्पिल चिरांचे कॉन्टॅक्ट त्याला कडेकडेने गोल पळवतात, म्हणजे एकाच जागी तांबं-क्रोमियम वितळून खड्डा पडत नाही. अक्षीय क्षेत्राचे (आर्कच्याच दिशेने क्षेत्र देणारे) कॉन्टॅक्ट मुळात खांबच होऊ देत नाहीत, आर्क पसरलेला राहतो आणि त्याचं व्होल्टेजही कमी राहतं.

तेव्हा बाण काढण्याआधी समोर ठिपके आहेत की खांब, हे बघा. सिम्युलेशनने सुरुवात तर अजिबात करू नका. आर्कला वाहक दांडा मानलेलं मॉडेल डाव्या हाताचीच दिशा देणार, आणि रंगीत चित्र बघून तुमचा त्यावर विश्वास बसणार. पटकन उत्तर देणाऱ्या सीनियरपेक्षा "मोजलंस का?" विचारणारा सीनियर धरा, मग तो कितीही तिरसट असो.

चेंबर मिळाली नाही तरी अडत नाही. टेस्टनंतर बाद झालेली व्हीसीबीची एखादी बॉटल (कॉन्टॅक्ट आत असलेली बंद निर्वात नळी) मागून घ्या आणि वर्कशॉपमधून कापून आणा. सर्पिल कॉन्टॅक्टच्या कडेने आर्क फिरल्याचा जळका पट्टा दिसतो, चिरांच्या तोंडाशी ओघळून गोठलेला धातू बोटाला लागतो. अक्षीय क्षेत्राच्या कॉन्टॅक्टवर तीच झीज पृष्ठभागभर पसरलेली असते.