गावाचा नकाशा फ्लेक्सवर छापताय? या चुका टाळा

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा नकाशा बहुतेक वेळा एखाद्या स्क्रीनशॉटपासून सुरू होतो आणि बिघडतोही तिथंच. संगणकावर झकास दिसतो. आठ बाय सहाच्या फ्लेक्सवर उतरला की विहिरी, हातपंप, अंगणवाडी सगळं धुरकट. बोल मात्र तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याला लागतो. त्याच्याकडे जी फाईल येते तीच तो मशीनवर लावतो.

फुटांचा हिशेब आधी न करणं

काम सुरू करण्यापूर्वी फ्लेक्स किती फुटांचा हे पक्कं ठरवा आणि कोरी फाईल त्याच मापाची उघडा. ८ फूट म्हणजे ९६ इंच, ६ फूट म्हणजे ७२ इंच. १०० डीपीआय, म्हणजे इंचाला १०० पिक्सेल (ठिपके), धरलं तर फाईल ९६०० × ७२०० पिक्सेलची होते. आता १९२० पिक्सेल रुंदीचा स्क्रीनशॉट त्याच ९६ इंचांवर ताणला तर इंचाला जेमतेम २० पिक्सेल येतात. मग धुरकट दिसणार नाही तर काय!

वाढदिवसाच्या बॅनरला ७२ डीपीआय खुशाल चालतं, कारण ते रस्त्यावरून पाहायचं असतं. नकाशाचं तसं नाही. कास्तकार जवळ येतो, बोट ठेवतो आणि आपला गट नंबर शोधतो. म्हणून नकाशाला १०० च्या खाली जाऊ नका.

काहीजण उलटी चूक करतात. ‘छपाईला ३०० लागतं’ असं कुठंतरी ऐकलेलं असतं. ८ × ६ फुटांना ३०० डीपीआय म्हणजे २८,८०० × २१,६०० पिक्सेल. आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा रंगपद्धतीत) एकाच थराच्या सपाट चित्रालाच १.८ जीबीच्या वर जागा लागते. फोटोशॉपच्या साध्या पीएसडी फाईलची मर्यादा ३०,००० पिक्सेल आणि २ जीबी आहे, त्यामुळे दोन-चार थर चढले की सेव्हच होत नाही. पीएसबी या मोठ्या चित्रांच्या फाईलप्रकारात होईल, पण आठ जीबी रॅमचा संगणक तोवर गुडघे टेकतो. ३०० डीपीआय हातात धरून वाचायच्या ए-थ्री कागदासाठी ठेवा.

आणखी एक फसवणूक ‘इमेज साइझ’च्या खिडकीत होते. तिथे ७२ खोडून ३०० लिहिलं आणि ‘रीसॅम्पल’वर टिक राहिली, तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजानं भरतं. आकडा वाढतो, तपशील वाढत नाही. टिक काढून आकडा बदला. मग इंचात जे माप दिसेल तेवढाच तुमचा खरा नकाशा. गिम्प या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये हेच ‘प्रिंट साइझ’मध्ये कळतं.

मूळ नकाशा कमी झूमवरून उचलणं

उपग्रह चित्र तळाला घ्यायचं असेल तर झूमचा हिशेब करा. विदर्भ २१ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. तिथे वेब नकाशांच्या १८ व्या झूमला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर सुमारे ०.५६ मीटर. शिवार ५ किलोमीटर रुंद असेल तर साधारण ८,९०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ९६ इंचांवर ९३ डीपीआय. चित्र फक्त तळाला असल्यानं एवढं चालून जातं. १७ व्या झूमला हेच ४७ होतं आणि १६ व्याला २३. स्क्रीनशॉट जोडत बसण्यापेक्षा क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लेआउटचा कागद २४३८ × १८२९ मिलिमीटरचा करा, एक्स्पोर्ट रिझोल्यूशन १०० ठेवा आणि तयार चित्र घेऊनच फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये या. ज्या सेवेचं चित्र वापरता तिच्या छपाईच्या अटी पाहा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा आधार घेतला असेल तर कोपऱ्यात तसा श्रेयोल्लेख हवाच.

तलाठ्याकडचा जुना गावनकाशा वापरत असाल तर त्याचा मोबाईलनं फोटो काढू नका. कॅमेरा थोडा जरी तिरपा असला तरी जवळची बाजू मोठी, लांबची लहान येते आणि धुरे (शेताचे बांध) वाकडे होतात. स्कॅनरवर ३०० डीपीआयनं तुकड्यातुकड्यानं घ्या, प्रत्येक तुकड्यात शेजारच्याचे दोन इंच येऊ द्या.

गाव उभं आणि फ्लेक्स आडवा असेल तर कोपरा ओढून नकाशा ‘बसवण्याचा’ मोह होतो. रुंदी-उंचीची साखळी तुटू देऊ नका, नाहीतर चौकोनी शेततळं लांबुडकं होतं. उरलेल्या जागेत चिन्हांची सूची टाका. नकाशा फिरवून बसवला असेल तर उत्तरेचा बाण त्याच्याबरोबर फिरला का, तेही बघा. हा बाण हमखास विसरतो.

मोजपट्टीचंही असंच. जुन्या नकाशावर ‘१६ इंच = १ मैल’ लिहिलं असेल तर ते प्रमाण १:३९६० आहे, पण फक्त त्या कागदावर. दुप्पट मोठा केला की ते १:१९८० होतं आणि लिहिलेलं वाक्य खोटं ठरतं. लिहिलेलं प्रमाण पुसा आणि ०-२५०-५०० मीटरची रेघ काढा. ती नकाशाच्याच गटात ठेवली की त्याच्याबरोबर लहान-मोठी होते.

चिन्हं

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. इंटरनेटवरून उतरवलेलं ६४ पिक्सेलचं पीएनजी सव्वा इंचाला ताणलं की कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. चिन्हं एसव्हीजीत घ्या, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघांनी साठवलेल्या, कितीही मोठ्या होणाऱ्या चित्रात. गिम्प एसव्हीजी उघडताना रुंदी विचारतं. तिथेच १२५ पिक्सेल भरा. आधी लहान उघडून मग मोठं केलं तर एसव्हीजी घेतल्याचा काहीच उपयोग नाही. फोटोशॉपमध्ये ‘प्लेस एम्बेडेड’नं आणा, म्हणजे मूळ चित्र आत जपणारं स्मार्ट ऑब्जेक्ट राहतं. पुढच्या प्रती कंट्रोल-जे दाबून काढा: हातपंपाचं एक चिन्ह बदललं की नकाशावरचे सगळे हातपंप आणि सूचीतलाही बदलतो. ‘न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी’ वापरलं तर हा धागा तुटतो, आणि सूचीत एक चिन्ह, नकाशावर दुसरंच, असा प्रकार होतो.

चिन्ह नेमकं कुठं टेकतं याकडे लक्ष द्या. ५ किलोमीटर ९६ इंचांत बसवले म्हणजे १ इंच साधारण ५२ मीटरचा. टाचणीचं चिन्ह मधल्या बिंदूवरून मोठं केलं की टोक खाली सरकतं. अर्धा इंच सरकलं तर २६ मीटर, म्हणजे विहीर धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात! ग्रामसभेत यावरून किती वेळ जाईल, वेगळं सांगायला नको. आकार बदलताना आधारबिंदू टोकावर ठेवा.

गावठाणात चिन्हं एकमेकांवर चढतात. ३०० मीटरचं गावठाण या फ्लेक्सवर सहा इंचही भरत नाही; त्यात शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रेशन दुकान, समाजमंदिर, सव्वा-सव्वा इंचाची चिन्हं कशी मावणार? चिन्हं बारीक करू नका. कोपऱ्यात गावठाणाचा वेगळा मोठा नकाशा द्या आणि मुख्य नकाशावर फक्त चौकट दाखवा.

उपग्रह चित्राच्या हिरव्या-तपकिरी रंगावर गडद चिन्ह बुडतं. भोवती ५ पिक्सेलची पांढरी किनार द्या: फोटोशॉपमध्ये ‘स्ट्रोक’, गिम्पमध्ये ‘अल्फा टू सिलेक्शन’, मग ‘ग्रो’ ५ आणि खालच्या नव्या थरावर पांढरा भराव. निव्वळ रंगावर फरक ठेवू नका. उन्हात पिवळा आणि किरमिजी आधी उडतात, आणि आपल्याकडचा मे महिना माहीतच आहे. लाल गोल म्हणजे बोअर, पिवळा गोल म्हणजे विहीर असं ठेवलं तर काही दिवसांनी दोन्ही फिके गोल उरतात. बोडी (लहान तलाव), शेततळं, बंधारा, विहीर यांचे आकारच वेगळे घ्या.

पांदण (शेतरस्ता) आणि नाल्याच्या रेघा एक पिक्सेलच्या नकोत. १०० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे पाव मिलिमीटर. फ्लेक्सच्या विणीत ती रेघ तुटक दिसते. किमान ४ पिक्सेल ठेवा.

अक्षरं

दहा फुटांवरून वाचायच्या नावांची उंची १५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ६० पिक्सेल धरा. गट नंबर जवळून वाचतात, त्यांना ६ मिलिमीटर पुरतं.

वेलांटी पुढच्या अक्षरावर गेली किंवा जोडाक्षरं फुटली, तर फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत ‘प्रेफरन्सेस’च्या ‘टाइप’ भागात जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा आणि परिच्छेदाच्या पॅनलमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. तपासायला दोन शब्द लिहून पाहा: ‘मूर्तिजापूर’ आणि ‘चिखलदऱ्याकडे’. पहिल्यात वेलांटी आणि रफार, दुसऱ्यात ‘ऱ्या’. हे दोन नीट उमटले की बाकीची गावं सहसा नीट येतात. कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहून थरांची फाईल दुकानात नेली आणि तिथे तो फाँट नसला, तर पाटीवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोड फाँट वापरा आणि छपाईला सपाट केलेली प्रतच द्या. थरांची मूळ फाईल स्वतःकडे ठेवा. पुढच्या वर्षी नवं शेततळं दाखवायचं असेल तेव्हा तीच लागेल.

रंग आणि फाईल

पडद्यावरचा झगझगीत निळा छापल्यावर जांभळा होतो. नदी-तलावाला सियान (निळी) शाई १०० टक्के, मॅजेंटा (किरमिजी) ५० ते ६० टक्के, त्यावर नको. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय दाबलं की छापील रंगाचा अंदाज येतो. दुकानाला आरजीबी हवं की सीएमवायके (छपाईच्या चार शायांची पद्धत), हे आधी विचारा.

फाईल टिफ प्रकारात, एलझेडडब्ल्यू दाबणीसह (तपशील न गमावता फाईल लहान करणारी) सेव्ह करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर ९६०० पिक्सेलची सगळी मेहनत वाया जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह द्या. पीडीएफ करत असाल तर २०० इंचांची, म्हणजे साडेसोळा फुटांच्या थोडी वरची, नेहमीची पानमर्यादा लक्षात ठेवा. त्याहून लांब फ्लेक्सला दहापट लहान पान घेऊन डीपीआय दहापट करा, पिक्सेल तेवढेच राहतात. आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा कंट्रोल-एसची सवय ठेवा.

दुकानात रोलची रुंदी विचारा. सहा फुटांचा नकाशा पाच फुटी रोलवर छापला तर जोड येणार. तो नावांवरून किंवा चिन्हांवरून जायला नको. चारही बाजूंनी ३ इंच मोकळे सोडा, चौकटीवर गुंडाळायला आणि रिंगांना तेवढं लागतं.

ऑर्डर देण्याआधी गावठाणाजवळचा ७०० × १००० पिक्सेलचा तुकडा कापा आणि साध्या ए-फोर कागदावर १०० डीपीआयनं, ‘फिट टू पेज’ बंद करून छापा. फ्लेक्सवर तो भाग नेमका तेवढाच येणार आहे. भिंतीला चिकटवा, दहा फूट मागं सरा आणि नकाशा न पाहिलेल्या माणसाला विचारा की हातपंप कुठं आहे.