पावसाळ्यात लेन्सला बुरशीपासून सांभाळा

कोकणात नि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवून दिला, की गणपतीपर्यंत लेन्सच्या आत बुरशीचे धागे दिसलेच म्हणून समजा. बॅगेचा फोम आणि चामड्याची केस ओल धरून ठेवतात, त्यामुळे या दिवसांत दोन्ही बादच.

ड्राय कॅबिनेट (आतली आर्द्रता कमी ठेवणारं विजेवरचं कपाट) महाग वाटत असेल तर रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, पसरा, त्यावर सुती कापड, मग लेन्स. आत छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, ठेवाच. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. फार कोरडंही नको, आतलं वंगण सुकतं म्हणतात. नारिंगी दाणे हिरवे पडले की बदला किंवा तापवून पुन्हा वापरा. निळे दाणे मात्र घेऊच नका, त्यांत विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. आणि ओल शोषायला तांदूळ? ते भातालाच ठेवा.

महिन्यातून एकदा तपासणी करा. दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडा आणि मागून मोबाइलची टॉर्च तिरकी धरा. कोळिष्टकासारखी नक्षी दिसली तर ती लेन्स लगेच बाकीच्यांपासून वेगळी काढा. बुरशी काचेवरचं कोटिंग कोरते, मग साफ केली तरी डाग राहतो. स्वतः स्क्रू खोलायला जाऊ नका, जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे द्या.