वजन उतरल्यानंतर सैल पडलेली कातडी: निगा कशी राखावी आणि शस्त्रक्रियेचा विचार कधी करावा

तीस-चाळीस किलो वजन उतरवलेल्या माणसाने मनाशी जे चित्र धरलेले असते, ते आरशात सहसा दिसत नाही. साखर आणि रक्तदाब आटोक्यात आलेले असतात, जिना चढताना धाप लागत नाही. मात्र ओटीपोटावर कातडीची झालर लोंबते, दंडाखाली रिकामी पिशवी हलते आणि मांड्यांच्या आतल्या बाजू चालताना एकमेकींवर घासतात. माझे वजन अडीच वर्षांत ११६ किलोवरून ७३ किलोवर आले, तेव्हा पहिल्या पावसाळ्यात मी डॉक्टरांकडे गेले ती दिसण्याच्या तक्रारीसाठी नव्हे, तर पोटाच्या घडीखाली झालेल्या लाल, ओलसर चट्ट्यासाठी. म्हणून या लेखात अधिक जागा घडीच्या निगेला दिली आहे आणि क्रीम-तेलांना थोडक्यात आटोपले आहे.

कातडी सैल का राहते, हे आधी समजून घ्यावे, म्हणजे पैसे चुकीच्या ठिकाणी खर्च होत नाहीत. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाची प्रथिने असतात. पहिले त्वचेला बळकटी देते, तर ताणलेली त्वचा पुन्हा जागेवर आणण्याचे काम दुसरे करते. शरीर इलॅस्टिन प्रामुख्याने गर्भावस्थेत आणि लहानपणी तयार करते; प्रौढ वयात त्याची नवी भर फारच थोडी पडते. वर्षानुवर्षे ताणल्या गेलेल्या त्वचेतील हे तंतू एकदा तुटले की आतली चरबी गेल्यावर त्वचा आक्रसत नाही. वय, लठ्ठपणा किती वर्षे होता, एकूण किती वजन उतरले, बाळंतपणे, धूम्रपान, उन्हातले काम आणि अनुवंश यांवर सैलपणाचे प्रमाण ठरते. ‘हळूहळू वजन उतरवले असते तर कातडी लोंबली नसती,’ असे ऐकवणारे भेटतात. सावकाश वजन उतरवल्याने स्नायूंची झीज कमी होते हे खरे. पण चाळीस किलोंनी ताणलेली कातडी केवळ सावकाशीमुळे जागच्या जागी बसत नाही, त्यामुळे स्वतःला दोष देत बसण्याचे कारण नाही.

जे लोंबते ते सगळेच कातडे असते असेही नाही. उभे राहून नाभीखालचा भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरावा. हाती आलेली घडी पातळ आणि कापडासारखी लुळी लागली तर ती प्रामुख्याने त्वचा आहे. जाड आणि गुबगुबीत लागली तर आत अजून चरबी शिल्लक आहे आणि ती आहार-व्यायामाने आणखी कमी होऊ शकते. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे, परंतु पुढचे पाऊल ठरवायला ती पुरते.

घडीची रोजची निगा

घडीत कातडी कातडीला चिकटून राहते, तिथे घाम साचतो, वारा पोहोचत नाही आणि चालताना घर्षण होते. त्यातून त्वचा लाल होऊन सोलवटते आणि मग तिथे बुरशी किंवा जिवाणू शिरकाव करतात. पोटाखालची घडी, स्तनांखालची जागा, जांघा आणि काखा ही नेहमीची ठिकाणे होत. मधुमेह असलेल्यांना हा त्रास अधिक होतो.

आंघोळीच्या वेळी घडी हाताने वर उचलून आतली त्वचा कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावी; घासणी किंवा खरखरीत पंचा वापरू नये. खरे काम त्यानंतरचे आहे. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा मऊ तुकडा घेऊन आतली जागा न घासता, टिपून कोरडी करावी, आणि मग घडी वर धरून दोन-तीन मिनिटे पंख्यासमोर उभे राहावे. हेअर ड्रायर असल्यास तो थंड हवेवर ठेवून वापरता येतो. मी सुरुवातीला हा भाग घाईत उरकत असे, आणि ज्या आठवड्यात घाई झाली त्याच आठवड्यात चट्टा परत येत असे. कोरड्या झालेल्या जागी मलमलीची किंवा सुती कापडाची दुहेरी पट्टी घडीच्या आत अशी ठेवावी, की तिची एक कड बाहेर राहील आणि घाम टिपला जाईल. पट्टी ओली झाली की बदलावी. उन्हाळ्यात ती दिवसातून तीनदाही बदलावी लागते, म्हणून पर्समध्ये दोन-तीन पट्ट्या असू द्याव्यात. जिथे फक्त घासले जाते आणि चट्टा नसतो, अशा मांड्यांच्या आतल्या बाजूस पेट्रोलियम जेलीचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्यावा. सुगंधी टाल्कम पावडर घामात भिजून तिचे गोळे होतात आणि तेच गोळे त्वचेला टोचतात. हळद, लिंबू, जंतुनाशक द्रावण यांपैकी काहीही सोललेल्या त्वचेवर लावू नये.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात दोन दिवस दोरीवर राहूनही अंतर्वस्त्रे दमट राहतात. ती इस्त्री फिरवून, पूर्ण कोरडी करूनच घालावीत. घरात कोणाला गजकर्ण असेल तर टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवावेत.

एका गोष्टीबद्दल मात्र निक्षून सांगितले पाहिजे. खाज सुटली की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली जाते, जिच्यात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र मिसळलेले असतात. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते आणि औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात बुरशी पसरत राहते, तिचे रूप बदलल्याने निदान अवघड होते, आणि आधीच कमजोर असलेली घडीतली त्वचा आणखी पातळ होऊन तिच्यावर कायमच्या रेघा उमटतात. शेजारणीने दिलेली ट्यूब असो की मागच्या वर्षीची उरलेली, तिच्यावरील घटकांची नावे वाचावीत. क्लोबेटासोल, बेक्लोमेटासोन यांसारखे स्टेरॉइडचे नाव दिसले तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती लावू नये. तज्ज्ञांनी दिलेले बुरशीनाशक चट्टा दिसेनासा झाला म्हणून मध्येच सोडू नये, सांगितलेली मुदत पूर्ण करावी. घडीतून पू किंवा दुर्गंधी येऊ लागली, जखम भरेना, किंवा लाली झपाट्याने पसरून ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. चट्टा वारंवार होत असेल तर प्रत्येक वेळी मोबाइलवर तारखेसह छायाचित्र काढावे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये लावून ठेवाव्यात. ही फाइल पुढे उपयोगी पडते.

साडी नेसणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. लोंबत्या पोटावर परकराची नाडी बरोबर घडीत रुतते. वर्ध्यातील डॉक्टरांनी २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती, जिच्या कमरेवर वर्षानुवर्षांच्या घट्ट नाडीमुळे झालेल्या जखमेत कर्करोग उद्भवला होता. अशी उदाहरणे दुर्मिळ आहेत. तरीही नाडीऐवजी चार बोटे रुंदीचा कापडी पट्टा लावून घेणे किंवा साडीसाठी मिळणारा, ताणला जाणारा परकर वापरणे सहज शक्य आहे. मांड्या घासत असतील तर आतून गुडघ्यापर्यंतची सुती लायक्राची चड्डी घालावी. पोट आवळून धरणारे कपडे बाहेर जाताना बरे वाटतात, पण रात्री ते काढून ठेवावेत.

प्रथिने आणि वजनांचा व्यायाम

सैल त्वचेखाली स्नायू भरले तर पोकळी काही अंशी भरून निघते. त्वचा त्याने आवळत नाही, मात्र दंड, खांदे, नितंब आणि मांड्या यांचा आकार निश्चित सुधारतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस डंबेल, रबरी पट्टे किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन दंडाच्या मागच्या स्नायूचा व्यायाम करावा. खुर्चीवर बसून उठणे, भिंतीला हात टेकून जोर आणि हळूहळू बैठका यांनी सुरुवात करता येते. पोटाची झालर मात्र पोटाचे कितीही व्यायाम केले तरी जात नाही, आणि बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतील तर चुकीच्या व्यायामाने फुगवटा वाढतो. अशा वेळी आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

स्नायूसाठी प्रथिने लागतात आणि आपल्या ताटात नेमकी तीच कमी पडतात. वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, एका अंड्यात सुमारे सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे अठरा, आणि ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांमध्ये पंचवीसच्या आसपास. निरोगी प्रौढासाठी भारतीय शिफारस शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅमची आहे. बेरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी केली जाणारी जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना सहसा दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घेण्यास सांगितले जाते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. बेरियाट्रिक झालेल्यांनी लोह, बी-१२ आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तपासण्या चुकवू नयेत. यांची आणि प्रथिनांची कमतरता राहिली तर पुढे शस्त्रक्रियेची जखम भरायला त्रास होतो.

क्रीम आणि तेलांनी त्वचा मऊ राहते, लोंबणे कमी होत नाही. कोलॅजनची भुकटी पोटात इतर प्रथिनांप्रमाणेच पचते. त्वचेला आतून उष्णता देणारी रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा अल्ट्रासाउंडची उपकरणे थोड्या सैलपणात, उदाहरणार्थ हनुवटीखाली, मर्यादित फरक दाखवतात. पोटाच्या झालरीसाठी हजारो रुपयांचे ‘पॅकेज’ घेऊ नये.

शस्त्रक्रिया

जास्तीची कातडी खरोखर काढायची असेल तर ती कापूनच काढावी लागते. नुसते लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढणे, करून घेतले तर चरबी जाते आणि कातडी आणखी लोंबते. वजन किमान तीन ते सहा महिने एका जागी टिकलेले असावे. बेरियाट्रिकनंतर सहसा वर्ष ते दीड वर्ष थांबतात. आणखी मूल हवे असेल तर पोटाची शस्त्रक्रिया त्यानंतर करावी. सिगारेट, विडी, तंबाखू, मिश्री हे सर्व शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही बंद हवे, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि टाक्यांची कड काळी पडून सडू शकते. मिश्रीचे व्यसन आपल्याकडे व्यसनात धरलेच जात नाही, म्हणून ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

‘टमी टक’मध्ये कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा छेद घेऊन जास्तीची त्वचा काढतात, फाकलेले स्नायू शिवतात आणि नाभी नव्या जागी बसवतात. ‘पॅनिक्युलेक्टॉमी’मध्ये फक्त लोंबती झालर काढतात, स्नायूंना हात लावत नाहीत. दंडाच्या शस्त्रक्रियेचा व्रण काखेपासून कोपरापर्यंत राहतो. म्हणजे हा व्यवहार कातडी देऊन व्रण घेण्याचा आहे, आणि तो व्रण फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागते. जखमेखाली पाणी साचणे, संसर्ग, टाके उसवणे, काही भाग बधिर राहणे आणि पायातील शिरेत रक्ताची गाठ होणे हे धोके डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले पाहिजेत. जे सांगत नाहीत त्यांच्याकडून उठून यावे. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. पदवी आणि राज्य वैद्यक परिषदेची नोंदणी आहे का, हे तपासावे. ‘कॉस्मेटॉलॉजी’चे प्रमाणपत्र म्हणजे शस्त्रक्रियेची पात्रता नव्हे. खाजगी खर्च परवडत नसेल तर मुंबईतील केईएम किंवा सायन यांसारख्या शिक्षण-रुग्णालयांच्या प्लास्टिक सर्जरी विभागात विचारणा करावी.

आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. तथापि विमा नियामकाच्या प्रमाणित शब्दरचनेत आरोग्याला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करण्यासाठी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसे प्रमाणित केल्यास, अपवाद ठेवलेला आहे. दावा मंजूर होईलच असे नाही, पण वारंवार झालेल्या संसर्गाची तारखांसह ठेवलेली फाइल इथे कामी येते. पूर्वमंजुरी लेखी घ्यावी.

घरची तयारी डॉक्टर क्वचितच समजावतात. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आठवडा-दोन आठवडे वाकूनच चालावे लागते, जमिनीवर बसता येत नाही, भारतीय पद्धतीच्या शौचकूपात बसणे अशक्यप्राय असते. कमोडची खुर्ची आधी आणून ठेवावी, झोपताना गुडघ्यांखाली दोन उशा घ्याव्यात. पाण्याची बादली, सिलिंडर किंवा मूल सुमारे सहा आठवडे उचलू नये. जखमेतले पाणी बाहेर काढण्यासाठी बसवलेल्या नळीच्या डबीत जमलेले पाणी रोज मोजून वहीत लिहावे, पोटावर बांधायचा दाबाचा पट्टा सांगितला तितके आठवडे वापरावा, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात थोडे थोडे चालावे. पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला तर उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मी स्वतः पोटाची झालर काढून घेतली आणि दंड तसेच ठेवले; कोपरापर्यंतचा व्रण मला नको होता. माझ्या शिंप्याने पहिल्यांदा माप घेताना थोडे अवघडून विचारले होते, “ताई, कातडी वर धरून माप घेऊ की खाली सोडून?” उत्तर असे, की दंड खाली सोडून, हात सैल लोंबता ठेवून माप द्यावे, बाहीला बोटभर जास्त ढिलाई ठेवायला सांगावी, बाही कोपराच्या वर दोन बोटांपर्यंत घ्यावी आणि आतून मऊ मलमलीचे अस्तर लावून घ्यावे, म्हणजे शिवण काखेत काचत नाही.