परदेशात नवीन आलात? राईस कुकरचा खटका समजून घ्या

या कुकरला शिट्टी नाही. शिट्ट्या मोजून गॅस बंद करायची सवय असली की पहिल्या दिवशी चुकल्यासारखं होतं. मग दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणं, मधेच वाटीभर पाणी ओतणं, खटका वर उडाला तरी पुन्हा दाबणं असे उद्योग सुरू होतात आणि बहुतेक वेळा भात त्यांच्यामुळेच बिघडतो. खोली मिळाल्यावर तुम्ही पहिल्या आठवड्यात हा कुकर घेणारच, किंवा आधीचा भाडेकरू तो मागे ठेवून गेलेला असेल. वापरायच्या आधी त्याचं भांडं बाहेर काढा आणि आत नीट बघा.

तळाला एक जाड तापणारी तबकडी दिसेल. तिच्या मधोमध स्प्रिंगवर वरखाली होणारं एक गोल बटण असतं. बोटाने दाबलं की खाली जातं, सोडलं की वर येतं. भांडं ठेवल्यावर त्याचं बूड या बटणाला टेकतं. एका खटक्याच्या साध्या कुकरमध्ये या बटणाच्या पोटात चुंबक असतो, बाहेरचा खटका दाबला की तो या चुंबकामुळे खाली धरला जातो. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर बूड १०० अंशांच्या आसपासच राहतं, कारण जादा सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. तांदळाने पाणी पिऊन टाकलं आणि उरलेलं उडून गेलं की बूड १०० च्या वर चढायला लागतं. थोडं वर गेलं की चुंबकाची ओढ संपते, स्प्रिंग सुटते आणि खटका ‘टक’ करून वर येतो.

म्हणजे हा कुकर वेळ मोजत नाही आणि भात शिजला का तेही बघत नाही. पाणी संपलं, एवढंच त्याला कळतं. पाणी कमी पडलं तर कणी राहिलेल्या भातावरही तो टक करून मोकळा होतो. जास्त झालं तर गिचका होईपर्यंत शिजवत राहतो. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

प्लग लावण्याआधी कुकरच्या बुडाशी किंवा पाठीमागे चिकटवलेली पट्टी वाचा. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, भारतात आणि युरोपात २३० व्होल्टची वीज असते. २३० चा कुकर १२० वर लावला तर तो जेमतेम पाव ताकदीने तापतो, पाणी धड उकळत नाही आणि भात चिकट लगदा होतो. उलट १२० चा कुकर २३० वर लावला तर जवळजवळ चौपट ताकद आत जाते आणि तो जळतो. प्लगचा आकार बदलणारा स्वस्त अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, यात नवीन आलेले फार फसतात. म्हणून सामानातून कुकर आणण्यापेक्षा ज्या देशात राहणार तिथलाच घ्यावा. हॉस्टेलात किंवा भाड्याच्या खोलीत राहत असाल तर तापणारी उपकरणं चालतात का हे आधी करारात बघा. वरच्या कपाटाच्या थेट खाली किंवा धुराच्या अलार्मखाली कुकर ठेवू नका. वाफेने कपाटाची फळी फुगते आणि अलार्मही वाजू शकतो.

आता माप. कुकरबरोबर येणारा प्लॅस्टिकचा कप बहुधा १८० मिलीचा असतो. पाककृतींमधला अमेरिकन कप २४० मिलीचा. पाणी एकाने आणि तांदूळ दुसऱ्याने मोजला की गणित तिथेच चुकतं. कुकरच्या कपात साधारण १५० ग्रॅम तांदूळ बसतो, तो एका भरपूर जेवणाऱ्याला किंवा दोन बेतशीर जेवणाऱ्यांना पुरतो. कप हरवला असेल तर कुठलीही वाटी चालेल, फक्त तांदूळ आणि पाणी दोन्हीला तीच वापरा. अशा वेळी भांड्यावरच्या पाण्याच्या रेघांकडे मात्र बघू नका, त्या कुकरच्या कपाशीच जुळतात. कुकरच्या खोक्यावर लिहिलेला कपांचा आकडा काही कंपन्या कच्च्या तांदळाचा देतात, काही शिजलेल्या भाताचा. एकट्यादुकट्याला कच्च्या ३ कपांचा पुरतो, चौघांच्या घराला साडेपाच कपांचा घ्यावा. मोठा घेऊन त्यात रोज एक कप लावणं बरं नाही. तांदळाचा थर इतका पातळ होतो की तो शिजायच्या आत पाणी उडून जातं.

पाण्याचं एकच प्रमाण पाठ करू नका. भातासाठी लागणारं पाणी दोन ठिकाणी जातं. तांदूळ स्वतःच्या मापाइतकं तरी पितो, आणि वर काही पाणी वाफ होऊन निघून जातं. साध्या काचेच्या झाकणाच्या कुकरमध्ये ही वाफ अर्धा ते पाऊण कप असते, आणि तांदूळ दुप्पट केला म्हणून ती दुप्पट होत नाही. म्हणून एका कप पांढऱ्या लांब तांदळाला दीड ते पावणेदोन कप पाणी लागतं, पण दोन कपांना पावणेतीन पुरतं आणि चारांना पाच. ‘एकास दोन’ हा ठोकताळा इथे लावला की चार कपांना आठ कप पाणी जातं आणि पेज होते.

भिजवलेल्या तांदळाचा हिशेब वेगळा. अर्ध्या तासात तांदूळ आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी पितो. म्हणजे कपभर तांदळात ४५ मिली, पाव कप, पाणी आधीच गेलेलं असतं. भिजवून, निथळून घेतलात तर प्रत्येक कपामागे पाव कप पाणी कमी करा. लांब शिताचा सुगंधी तांदूळ वीस मिनिटं ते अर्धा तास भिजवला की शीत लांब होतं आणि तुटत नाही, तेवढी सवड काढावी. आखूड, चिकट जातीच्या तांदळाला कपाला सव्वा कपाच्या आतच पाणी लागतं, आणि पुष्कळ कुकरांच्या भांड्यावरच्या रेघा याच तांदळासाठी आखलेल्या असतात. लांब तांदूळ त्या रेघेवर लावून कच्चा राहिला तर कुकरला दोष देऊ नका. हातसडीचा ब्राऊन तांदूळ तासभर भिजवा आणि तरीही पावणेदोन ते दोन कप पाणी घाला. नवा तांदूळ कमी पाणी मागतो, जुना जास्त. पोतं बदललं की पहिल्या दिवशी नेहमीचं माप ठेवा आणि पुढच्या वेळी दोन-तीन चमचे इकडेतिकडे करा. एका बोटाच्या पेराने पाणी मोजण्याची रीत मधल्या प्रमाणात जमते, पण एक कप तांदळावर पेरभर पाणी म्हणजे हमखास आसट भात.

तांदूळ वेगळ्या पातेल्यात दोन-तीनदा धुवा. कुकरच्या भांड्यात चोळून धुतला की आतला नॉनस्टिक थर खरवडतो. धुतल्यावर चाळणीत निथळा, नाहीतर तळाशी राहिलेलं पाणी मापात वाढतं. काही देशांत पिशवीवर ‘धुऊ नका’ असं छापलेलं असतं, तिथे तांदळावर जीवनसत्त्वांचा लेप असतो आणि तो धुण्यात निघून जातो.

मग तांदूळ हाताने सपाट करा, पाणी घाला, आणि भांड्याची बाहेरची बाजू कोरड्या फडक्याने पुसा. ही पायरी कधीही गाळू नका. बुडाला पाणी असेल तर ते चटचट उडतं आणि तबकडीवर डाग पडतात. त्याहून वाईट म्हणजे बटणावर चिकटलेलं एखादं वाळकं शीत. त्याच्यामुळे भांडं तिरकं बसतं, बटण बुडाला नीट टेकत नाही, मग खटका कधी लवकर उडतो तर कधी भात करपेपर्यंत उडतच नाही. कुकर गार असताना, प्लग काढून, ते शीत ओल्या फडक्याने सोडवा. भांडं आत ठेवल्यावर दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे किंचित फिरवा. बूड तबकडीवर बसल्याचं हाताला जाणवतं.

झाकण ठेवा, प्लग लावा आणि खटका खाली दाबा. दोन कपांना वीस ते तीस मिनिटं लागतात. टक झाल्यावर झाकण उघडू नका. त्या क्षणी वरची शितं ओली आणि तळाची कोरडी असतात, दहा-पंधरा मिनिटं वाफ मुरली की सगळीकडे सारखा ओलावा पोचतो. तळाला धरलेली खरपुडीही या वाफेने सुटते. झाकण उचलताना बाजूला तिरकं करा, म्हणजे त्याला लटकलेलं पाणी भातावर सांडणार नाही. मग प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी उलथन्याने कडेपासून भात मोकळा करा. स्टीलचा झारा या भांड्यात घालू नका.

भातात कणी राहिली तर दोन-तीन चमचे उकळतं पाणी शिंपडा, झाकण लावा आणि पुन्हा खटका दाबा. खटका खाली टिकतच नसेल तर जोर लावू नका, चमच्याने अडकवून तर मुळीच ठेवू नका. चुंबक अजून गरम आहे, दहा-पंधरा मिनिटांत निवला की आपोआप धरतो. भात ओला झाला तर झाकण उघडं टाकून ‘वॉर्म’वर, म्हणजे खटका उडाल्यावर कुकर भात नुसता गरम ठेवतो त्या अवस्थेत, थोडा वेळ ठेवा आणि हलक्या हाताने वरखाली करा. मोकळा होणार नाही, पण पाणचटपणा जाईल. उतू जात असेल तर तांदूळ कमी धुतलाय किंवा भांडं फार भरलंय. पाणी धरून दोन तृतीयांशाच्या वर जाऊ नका, आणि चमचाभर तेल किंवा तूप घातलं तर फेस बसतो. उंच डोंगराळ शहरात राहत असाल तर पाणी १०० च्या खालीच उकळतं, शिजायला वेळ जास्त लागतो. तिथे तांदूळ भिजवणं आणि पाणी थोडं वाढवणं दोन्ही करा.

बंद झाकणाचा, बटणांचा डिजिटल कुकर असेल तर तो पाऊण तास ते तास घेतो. बिघडलेला नाही, भिजवणं आणि मुरवणं तो त्याच वेळात स्वतः करतो. त्यात वाफ कमी निघते, म्हणून पाणीही साध्या कुकरपेक्षा कमी घाला आणि मेन्यूत तांदळाची जात बरोबर निवडा. आतलं झाकण आणि वाफेची टोपी दर वेळी काढून धुवा. तिथे साचलेल्या पेजेचा आंबूस वास पुढच्या भाताला लागतो.

शिळ्या भाताबद्दल मात्र कडक राहा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. शिजवूनही ते मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की वाढतात. त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि मग उलट्या-जुलाब होतात. ‘वॉर्म’ चालू असताना भात ६० अंशांच्या वर राहतो, तोवर काही तास चालतो. प्लग काढून रात्रभर कुकरमध्येच ठेवलेला भात सकाळी खाऊ नका. जेवण झाल्यावर उरलेला भात पसरट डब्यात काढा, तासाभराच्या आत फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. त्याहून जास्त दिवस हवा असेल तर एका वेळेपुरते चपटे पुडे करून फ्रीजरमध्ये ठेवा. फ्रीजमध्ये शीत ताठरतं, फ्रीजरमध्ये त्यामानाने मऊ राहतं. गरम करताना वर चमचाभर पाणी शिंपडा, झाकण ठेवा आणि मधल्या भातातूनही वाफ येईपर्यंत तापवा.