सोन्याचे नॅनोकण, सरफॅक्टंट आणि एमएस्सीचा प्रोजेक्ट

सोन्याच्या नॅनोकणांनी सरफॅक्टंट (साबणासारखे पृष्ठभागाला चिकटणारे रेणू) तपासायचा विषय एमएस्सीला मिळाला की बहुतेकांना आधी धास्ती वाटते ती सोन्याच्या खर्चाची. पण १ ग्रॅम क्लोरोऑरिक आम्लातून (सोन्याचं संयुग, यातूनच कण बनतात) ०.२५ मिलिमोलरचं जवळपास १० लिटर द्रावण होतं, म्हणजे प्रोजेक्ट संपला तरी सोनं उरतं. फक्त हे आम्ल हवेतला ओलावा भराभर ओढतं आणि स्टीलचा चमचा खातं. कुपी उघडली की सगळ्याचं स्टॉक द्रावण करून टाका, प्लॅस्टिकच्या चमच्याने.

कण बनवायला टर्केविचची १९५१ची सायट्रेट पद्धत पुरते. लालभडक द्रावण आलं आणि प्रकाश शोषणाचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास बसलं, की पुढे जा. काचसामान मात्र साबणाने धुऊन थांबू नका. साबण हाच सरफॅक्टंट, म्हणजे जे मोजायचं तेच काचेला चिकटलेलं! शेवटचं धुणं अम्लराजाचं (तीव्र हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचं मिश्रण), फ्यूम हूडमध्ये, सिनियर शेजारी असताना.

आता खरी गंमत. सायट्रेटने वेढलेले कण ऋणभारित, सीटॅब हा सरफॅक्टंट धनभारित. सीटॅब अगदी थोडं असलं की भार मारला जातो, कण एकमेकांना चिकटतात आणि लाल द्रावण जांभळं-निळं होतं. भरपूर असलं तर कणांभोवती दुहेरी थर बसतो, भार उलटतो आणि लाल रंग टिकतो. म्हणून सरफॅक्टंट थेंबथेंब सोन्यात टाकू नका. वाटेतला निळा टप्पा लागतो आणि एकदा गोळा झालेले कण सहसा सुटत नाहीत. वेगवेगळ्या संहतीची द्रावणं आधी तयार ठेवा, ढवळत एका दमात सोनं ओता.

रंग बदलला तो बिंदू सीएमसी (ज्या संहतीला सरफॅक्टंटचे रेणू एकत्र येऊन मिसेल नावाचे पुंजके करू लागतात ती) म्हणून लिहायचा मोह होतो. तो सीएमसी नव्हे. सीटॅबची सीएमसी ०.९ मिलिमोलरच्या आसपास असते, रंग त्याच्या कितीतरी खाली बदलतो. खात्री हवी तर सोनं दुप्पट घ्या; बिंदू सरकेल. मिसेल पाण्यात केव्हा बनतात ते वाहकतामापकाला विचारा. सोनं सांगतं ते पृष्ठभागावर काय चिकटलं तेवढंच, आणि तेही कमी नाही.

एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, ऋणभारित सरफॅक्टंट) घेतलं तर भार कणांसारखाच, त्यामुळे नुसतं टाकून काहीच दिसत नाही. मीठ घालून कण किती वेळ तग धरतात ते पाहा. पण मिठाने एसडीएसची ८ मिलिमोलरची सीएमसीही खाली येते, तेव्हा वाहकतेचं माप त्याच मिठात घेऊन उपयोग नाही, मिठाचीच वाहकता सगळं झाकते. तिथे पृष्ठताण मोजा.

आणि डिसेंबरच्या सकाळी सीटॅबच्या बाटलीत पांढरे स्फटिक दिसले तर घाबरू नका, २५ अंशांखाली ते होतंच. कोमट करा, पूर्ण विरघळू द्या, मगच पिपेट बुडवा.